वाळूत जोर चालत नाही

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही सोसायटीत जा. दोन-चार घरं तरी अशी निघतातच, की ज्यांचा मुलगा, जावई नाहीतर धाकटा दीर दुबईला, शारजाला किंवा मस्कतला नोकरीला आहे. मग कधीतरी डिसेंबर-जानेवारीत आपलंही तिकडे जाणं होतं. मॉल पाहून होतात, सोन्याच्या बाजारात एक फेरी होते, आणि मग एका संध्याकाळी जावईबापू सांगतात, “आई, शनिवारी पहाटे क्लबबरोबर वाळवंटात जायचंय. आठ-दहा गाड्या असतात. तुम्हीही चला ना.” लेक तोवर डबे भरायला लागलेली असते. आपण ‘बरं’ म्हणतो आणि मागच्या सीटवर जाऊन बसतो. पुढे काय होणार हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

मैत्रिणींनो, हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे. वाळूच्या टेकड्यांवरून जथ्यानं गाड्या चालवणं हा आखातात सुटीच्या दिवसाचा मोठा छंद आहे. भारतीय, अरब, युरोपियन, सगळेच त्यात असतात. मजा खूप आहे, खोटं कशाला बोलायचं? पण वाळूला माया नाही. तिथे काय करायचं हे गाडी चालवणाऱ्याला जितकं ठाऊक हवं, तितकंच शेजारी आणि मागे बसणाऱ्या बाईलाही हवं. कारण गाडीत मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, आणि त्यांचं पाणी-जेवण, औषधं, दुखणं-खुपणं हे सगळं शेवटी आपल्याच पदरात असतं.

सफारी वेगळी, क्लब वेगळा

या दोन गोष्टींची गल्लत करू नका. टूर कंपनीची ‘डेझर्ट सफारी’ म्हणजे भाड्याची गाडी, भाड्याचा ड्रायव्हर. अर्धा-पाऊण तास टेकड्यांवर वरखाली हिंदकळवून पाहुण्यांना किंचाळायला लावायचं, मग तंबूत जेवण आणि नाच. तुम्ही किंचाळलात की ड्रायव्हरला वाटतं, पाहुणे खूष आहेत. त्यामुळे नको असेल तर ‘हळू’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

क्लबचं तसं नसतं. तिथे माणसं स्वतःची गाडी स्वतः चालवतात. अनुभवी म्होरक्या असतो, नवशिक्यांना आधी छोट्या टेकड्यांवर शिकवतात, तयारी होईल तसं पुढच्या पायरीवर नेतात. ही शर्यत नव्हे. कुणी पहिला येत नाही, कुणाला कप मिळत नाही. निघाले तितके सगळे धड परत आले, की त्या दिवसाचं काम फत्ते.

दुबईहून हट्टाच्या रस्त्यावर अल बदायर नावाची लाल वाळूची टेकडी आहे. तिकडचे लोक तिला ‘बिग रेड’ म्हणतात. उंची साधारण 100 मीटर, म्हणजे तीस मजल्यांची इमारतच म्हणा ना. अबुधाबीच्या दक्षिणेला लिवा आहे. तिथून ‘रब अल खाली’ हे अफाट वाळवंट सुरू होतं. त्याचं क्षेत्रफळ साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहूनही जास्त! ओमानमध्ये शर्किया वाळवंट आहे, त्याचं जुनं नाव वहिबा. आणि आपल्या देशात जायचं तर जैसलमेरपासून 40 किलोमीटरवर समच्या टेकड्या आहेतच.

आधी हवा काढायची

डांबरी रस्ता संपला की ताफा थांबतो. सगळे खाली उतरतात आणि चाकांतली हवा सोडायला लागतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे काय भलतंच! पण सगळी मेख यातच आहे. रस्त्यावर चाकात 30 ते 35 पौंड हवा असते. वाळूसाठी ती 12 ते 18 पौंडांवर आणतात. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला लागणारा त्याचा तळवा लांब होतो, आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. उंटाचा पाय पाहिलाय ना? पाऊल टेकलं की तळवा पसरतो, म्हणून तो रुतत नाही. आपण टाचांच्या चपला घालून जुहूच्या चौपाटीवर चाललो तर काय होतं? तेच कडक टायरचं होतं.

ही युक्ती आजकालची नाही. राल्फ बॅगनॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी 1920 च्या दशकात इजिप्तमध्ये होता. सुटी मिळाली की मित्रांना घेऊन तो साध्या फोर्ड गाड्यांतून लिबियाच्या वाळवंटात शिरायचा. त्या काळी चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या त्यांच्यापाशी नव्हत्या. हवा कमी करायची, चढ येण्याआधीच वेग घ्यायचा आणि रुतलं तर चाकाखाली पोलादी पट्ट्या सारायच्या, हे त्यांनी पडत-धडपडत शोधून काढलं. पुढे 1941 साली त्यानं वाळू वाऱ्यानं कशी सरकते आणि टेकड्या कशा बनतात, यावर शास्त्रीय ग्रंथ लिहिला. आजही अभ्यासक तो उघडतात. तर सांगायचं काय, वाळूचं शास्त्रसुद्धा मित्रमंडळींच्या सहलीतूनच पुढे आलं.

मात्र हवा कमी असली की एक पथ्य पाळावं लागतं. वेगात असताना गर्रकन स्टिअरिंग वळवायचं नाही, नाहीतर टायर रिंगेवरून सुटतो. आणि परत डांबरी रस्त्यावर येण्याआधी पंपानं हवा पूर्ववत भरायलाच हवी. मऊ टायरवर हमरस्त्यानं पळवलं तर टायर तापून फुटतो. “घरी जाऊन भरू” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दहा मिनिटं उशीर झालेला पत्करला.

टेकडीला दोन अंगं

पीठ चाळताना परातीत ढीग होतो, तो पाहा. तो एका ठराविक उतारापर्यंतच चढतो. आणखी पीठ पडलं की घसरतं. वाळूचंही तसंच. वारा ज्या बाजूनं येतो तिकडचा उतार लांब आणि दाबलेला असतो. तिथे वाळू थोडी घट्ट. पलीकडच्या बाजूला वाळू नुसती घरंगळून साठलेली असते; तो उतार 30 ते 34 अंशांचा, आणि मऊ. म्हणजे चढताना पुढचं अंग सौम्य, आणि माथ्यावर पोचलं की पलीकडे एकदम कडाच!

अपघात होतात ते बहुतेक याच माथ्यावर. चढायला वेग हवा, पण माथा आला की पाय सैल करायला हवा. जोशात वरून उडी घेतली तर गाडी नाकावर आपटते, आणि पलीकडे दुसरी गाडी थांबलेली असेल तर बोलायलाच नको. उतरताना सरळ खाली उतरायचं. तिरपं उतरायला गेलं की गाडी कलंडते. आणि कलंडायला लागली, तर चाकं उताराच्या दिशेलाच वळवायची. मन म्हणतं वर वळव, पण वर वळवलं की गाडी लोळण घेते. म्हणूनच हे आधी छोट्या टेकडीवर गिरवून घेतात.

पहाटे निघण्यामागेही कारण आहे. रात्रीच्या गारव्यानं आणि दवानं वाळू थोडी बसलेली असते. ऊन चढलं की ती कोरड्या रव्यासारखी भुसभुशीत होते. शिवाय पहाटे आणि संध्याकाळी सावल्या पडतात, त्यामुळे खड्डे-कडे दिसतात. भर दुपारी सगळं एकसारखं पांढरं दिसतं आणि नजर फसते.

दिंडीसारखा ताफा

पंढरीच्या वाटेवर दिंडीत जसा क्रम ठरलेला असतो, तसाच इथे गाड्यांचा असतो. पुढे म्होरक्या, त्याच्यामागे नवशिके, मध्ये जाणते, आणि सगळ्यांत शेवटी पुन्हा एक पक्का जाणकार. मागे पडलेल्याला, रुतलेल्याला उचलणं हे त्या शेवटच्याचं काम. क्रम मोडायचा नाही, पुढच्याच्या चाकोरीतून जायचं, आणि टेकडीवर एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी पलीकडे सुखरूप उतरून बाजूला झाली, असं वॉकी-टॉकीवर कळल्याशिवाय पुढच्यानं चढायचं नाही. प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा असतो, तो शोभेसाठी नव्हे. माथ्यापलीकडची गाडी दिसत नाही, पण झेंडा आधी दिसतो.

यातला एक नियम मला फार आवडला. प्रत्येकानं आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. पुढच्याला गाठण्याची धडपड करायची नाही. आरशात मागचा दिसेनासा झाला, तर आपण थांबायचं. असं प्रत्येकानं केलं की निरोप आपोआप पुढपर्यंत जातो आणि कुणी एकटं राहत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या बाईला हे वेगळं शिकवायला नकोच.

आणि सगळ्यांत मोठा नियम: एकटी गाडी वाळूत घालायची नाही. 2024 च्या ऑगस्टमधली बातमी अनेकींनी वाचली असेल. सौदी अरेबियात नोकरी करणारा, तेलंगणातला 27 वर्षांचा एक तरुण आणि त्याचा सहकारी एकाच गाडीनं रब अल खालीत गेले होते. रस्ता दाखवणारं यंत्र बंद पडलं, पेट्रोल संपलं, फोन चालेना. काही दिवसांनी दोघेही गाडीजवळच मृत सापडले. दुसरी गाडी सोबत असती, तर? घरी कुणाला वाट आणि वेळ नीट सांगितलेली असती, तर? असे प्रश्न नंतर विचारून काय उपयोग? ते निघण्याआधीच विचारायचे असतात.

कुणी जाऊ नये, काय न्यावं

दिवस गेलेले असतील तर अजिबात जाऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. मान-पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, हृदयविकार, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान, यांपैकी काही असेल तरीही नको. गाडी हवेतून आपटली की दणका थेट मणक्यात बसतो, आणि त्यानं मणक्याला फ्रॅक्चर झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. पन्नाशीच्या पुढच्या मैत्रिणींनी तर आपली हाडं गृहीत धरू नयेत. मागच्या चाकांवरच्या सीटवर दणका जास्त लागतो. वडीलधाऱ्यांना पुढे बसवा, किंवा सरळ घरी ठेवा. त्यात मानापमान नाही.

लहान मूल मांडीवर घेऊन बसू नका. आपले हात कितीही घट्ट असले, तरी गाडी आपटली की मूल सुटतंच. लहानग्यांना त्यांच्या खास सीटवर पट्टा लावून बसवा. ते जमत नसेल तर त्या दिवशी मूल आणि आई दोघंही तंबूत थांबली तरी चालेल. पट्टा मोठ्यांनीही लावायचा.

साडी हौसेची असली तरी त्या दिवशी पंजाबी ड्रेस किंवा पॅन्ट बरी. ओढणी पिन करून घ्या, मंगळसूत्र आत सारा, कवळी सैल असेल तर काढून डबीत ठेवा. पाय झाकणारे बूट घाला. गाडीत काहीही सुटं ठेवू नका. स्टीलचा डबा आणि थर्मास टेकडीवर तोफगोळ्यासारखे उडतात. सगळं पिशवीत भरून सीटखाली नाहीतर मागे घट्ट बांधून ठेवा.

पाणी माणशी निदान पाच लिटर, सहल अर्ध्या दिवसाची असली तरी. त्यातलं थोडं शेवटपर्यंत न फोडता ठेवायचं. लिंबू, मीठ, साखर बरोबर असू द्या. खायला दशम्या, ठेपले, गुळाच्या पोळ्या, खजूर उत्तम; दह्याचं, नारळाचं काही नको. निघताना पोट भरगच्च करू नका. गाडी लागत असेल तर आलेपाक जवळ ठेवा आणि नजर खाली मोबाइलमध्ये न घालता दूर क्षितिजावर ठेवा. आखातात हा छंद साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या दिवसांतच करतात. उन्हाळ्यात तिथे पारा 45 अंशांवर जातो. मे महिन्याच्या शाळेच्या सुटीत गेलात आणि कुणी “चला वाळवंटात” म्हटलं, तर नको म्हणा.

गाडी रुतली तर

पहिल्यांदा अॅक्सिलरेटरवरून पाय काढायला सांगा. चाक जागच्या जागी फिरलं की ते स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. जितका जोर, तितकं खोल. खाली उतरून चाकांपुढची-मागची वाळू फावड्यानं किंवा हातानं काढायची, हवा आणखी दोन-तीन पौंड कमी करायची आणि आलो त्याच चाकोरीतून हळूच मागे यायचं. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

दोर बांधून ओढायची वेळ आली तर मुलांना घेऊन लांब उभ्या राहा, दोराच्या लांबीच्या दुप्पट तरी. ताणलेला पट्टा किंवा लोखंडी कडी सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी येते. फोटो काढायलासुद्धा जवळ जायचं नाही.

आणि समजा, चुकामूक झालीच, तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. गाडी वरून आणि दुरून दिसते, माणूस दिसत नाही. गाडीच्या सावलीत बसा, पाणी घोटाघोटानं प्या, फोनची बॅटरी वाचवा. अमिरातीत पोलिसांचा नंबर 999 आणि रुग्णवाहिकेचा 998, आपल्याकडे 112. हे आकडे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

तोंड उघडायचं

आता जरा मनातलं बोलते. या सगळ्या पथ्यांइतकंच महत्त्वाचं पथ्य म्हणजे वेळेवर बोलणं. आपल्याला शिकवलंय, की गाडी चालवणाऱ्या पुरुषमाणसाला टोकू नये. रस्त्यावर ते खपून जातं, वाळूत खपत नाही. चांगल्या क्लबात ‘मला हा चढ नको’ असं म्हणायला कुणी हसत नाही. म्होरक्या वळसा घालून दुसरी वाट दाखवतो. मग मागच्या सीटवरून ‘थांबा, मला त्रास होतोय’ असं म्हणायला आपण का कचरावं? आपल्या एका शब्दानं मजा बिघडेल, या भीतीनं किती जणी मान धरून गप्प बसतात आणि मग महिनाभर शेक घेत राहतात!

आणि मागेच कशाला बसायचं? उपनगरांत कितीतरी जणींचं लायसन्स कपाटात, साड्यांच्या घडीखाली पडून आहे. शिकताना हौसेनं काढलेलं. मग गाडी ‘ह्यां’चीच झाली. क्लबांमध्ये आज बायका सहज गाडी चालवताना दिसतात, काही ठिकाणी ताफ्याचं म्होरकेपणही करतात. वाळूला दणकट दंड लागत नाहीत. हलका पाय, शांत डोकं आणि वेळेवर थांबणं लागतं. हे आपल्याला येत नाही असं कोण म्हणेल?

मोरोक्कोत 1990 पासून फक्त बायकांची एक वाळवंटी स्पर्धा भरते, ‘गझेल’ म्हणजे हरिणींच्या नावाची. तिच्यात वेगाला किंमतच नाही. नकाशा आणि होकायंत्र घेऊन, यंत्राच्या मदतीशिवाय, जी जोडी कमीत कमी अंतर तोडून ठरलेल्या जागा गाठते ती जिंकते. कमी इंधनात, कमी धावपळीत काम उरकणाऱ्या बाईचीच ही स्पर्धा! वेगाचीच गोष्ट काढायची तर प्रसिद्ध डाकार रॅली 2001 साली जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट या बाईंनी जिंकली. आणि ज्या सौदी अरेबियात आता ती रॅली भरते, तिथे बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली ती 24 जून 2018 ला. त्या बायकांनी ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली, ते आपल्या कपाटात पडून आहे.

आधी आपल्याच रस्त्यावर हात बसवा. परदेशी चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो एक वर्ष चालतो. पश्चिम उपनगरांना अंधेरी आणि बोरिवली, पूर्व उपनगरांना वडाळा. मात्र भाड्याची गाडी वाळूत घालायला बहुतेक करारांत मनाई असते, आणि स्वतःच्या गाडीचा विमाही वाळवंटासाठी लागू आहे का, ते पाहावं लागतं. जावईबापूंना हे जरूर विचारा.

आपल्या दारची वाळू

शेवटी घरच्या मुलांबद्दल एक शब्द. हल्ली उपनगरांतली तरुण मुलं फोर व्हील ड्राइव्हची गाडी घेतात आणि सुटीला थेट अलिबागच्या नाहीतर दापोलीकडच्या किनाऱ्यावर उतरवतात. गाड्या भरतीत अडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. किनाऱ्यावर गाडी घालायला मनाई असते, आणि ती योग्यच आहे. ओली वाळू वरून घट्ट दिसते, आतून चाक गिळते. शिवाय भरती कुणासाठी थांबत नाही. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात, ती चाकाखाली जातात ते वेगळंच. जैसलमेरकडेही तसंच. सम हे डेझर्ट नॅशनल पार्कच्या परिसरात येतं, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागी उरलेल्या माळढोकाचं ते घर आहे. तिथे ठरलेल्या वाटेबाहेर, झुडपांवरून गाडी घालायची नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरात वाळवंटाचा बेत निघाला, की जेवायला बसल्यावर एवढं विचाराच: किती गाड्या आहेत? म्होरक्या कोण? पंप, फावडं, दोर घेतलाय का? पाणी किती? परत कधी यायचं, आणि उशीर झाला तर कुणाला कळवायचं? उत्तरं नीट मिळाली तर खुशाल जा, टेकडीच्या माथ्यावरून उगवता सूर्य पाहा आणि लेकीच्या डब्यातला ठेपला खा. उत्तरं नीट मिळाली नाहीत, तर त्या शनिवारी घरीच झकास पुरणपोळीचा बेत करा.